मिनिटाला बारा श्वास

१

सकाळी आठला घरी यायचं, बूट दारातच काढायचे, आंघोळ उरकून दोन घास खायचे आणि नऊच्या ठोक्याला झोपायच्या खोलीचा पडदा ओढून घ्यायचा. क्रेनवाल्याचं हे चक्र बावीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं. लोक कामाला निघतात तेव्हा आपण पांघरूण ओढायचं, रात्रपाळीवाल्यांचं असंच असतं. त्याबद्दल त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. तोंड वाकडं व्हायला लागलं ते उशाशी मशीन आल्यापासून.

बुटांच्या खोक्याएवढं पांढरं मशीन, त्यातून निघालेली एक लांब नळी आणि नळीच्या टोकाला रबरी मास्क. मास्क नाकावर बसवायचा, पट्टे डोक्यामागे आवळायचे आणि बटण दाबायचं. की मग ते खोकं तासन्‌तास नाकात हवा कोंबत बसतं, म्हणजे झोपेत श्वास अडकत नाही. सांगणाऱ्याचं काय जातं? ज्याच्या नाकात ती हवा जाते त्याला विचारा. पहिल्या दिवशी घसा कोरडा पडला. तिसऱ्या दिवशी नाक आतून असं सोललं की पाणी लागलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. पाचव्या दिवशी उशीवर रक्ताचे डाग. नाकाच्या दांडीवर मास्क घासून घासून लालभडक व्रण उठला आणि यार्डातल्या टवाळांनी विचारलं, "काय दादा, वहिनींनी हाणलं की काय?"

तो हसला नाही. हल्ली त्याला कशाचंच हसू येत नसे. तळपायाची आग मस्तकात गेलेली असायची ती तिथेच मुक्कामाला राहायची.

त्यातून हे मशीन फेकून द्यायचीही सोय नव्हती. दोन महिन्यांपूर्वी पहाटे पाचला केबिनमध्ये त्याचा डोळा लागला होता. तीन सेकंद, फार तर चार. तेवढ्यात हुकाला लटकलेला लोखंडी माल खाली उभ्या रिकाम्या ट्रकच्या टपावर टेकला आणि टप बसला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण यार्डाने त्याला दवाखान्यात धाडलं, तिथे कळलं की झोपेत त्याचा श्वास तासाला चाळीस वेळा थांबतो, आणि मग साहेबांनी कागद हातात ठेवला. सलग तीस दिवस, रोज निदान चार तास मशीन लावून झोपायचं. मशीनमध्ये एक कार्ड असतं, त्यात सगळं नोंदलं जातं. ते कार्ड दर आठवड्याला दवाखान्यात दाखवायचं. तीस दिवस पुरे झाले तर क्रेन कायम, नाही तर खाली उतरायचं आणि उरलेली नोकरी मालाला साखळ्या बांधत काढायची.

खाली. बावीस वर्षं जो माणूस सगळ्या यार्डाच्या डोक्यावर बसला, ज्याच्या एका बोटावर वीस टन माल हलायचा, त्याने आता खाली उभं राहून वर बघायचं. कालच्या पोराने वरून हुक सोडायचा आणि याने तो पकडायचा. हा विचार आला की त्याला मास्क आणखी घट्ट आवळावासा वाटे. तो आवळायचाही, आणि व्रण आणखी चिघळायचा.

२

"पट्टे एवढे का आवळता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मास्क चेहऱ्यावर टेकला पाहिजे, रुतला नाही पाहिजे. दोन बोटं आत गेली पाहिजेत."

"ढिला ठेवला की हवा डोळ्यात जाते."

"मग कुशीवर झोपा. मशीनच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरता ना? हवा ओली होऊन आली तर नाक सुकणार नाही. झोपण्याआधी मिठाच्या पाण्याचा फवारा नाकात मारायचा. व्रणावर हे मलम लावा. आणि पहिले काही दिवस जागेपणी मास्क लावून बसा, सवय होईल."

बाई शांतपणे सांगत होत्या आणि त्याचं पित्त खवळत होतं. त्याला कुशीवर झोप लागत नाही. जागेपणी मास्क लावून बसायला तो काय रिकामटेकडा आहे? तरी त्याने सगळं करून पाहिलं. बायकोच करून द्यायची म्हणा. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. निघण्याआधी टाकी भरायची, फवाऱ्याची बाटली उशाशी ठेवायची, मलम बोटावर घेऊन पुढे यायची.

"अहो, हलू नका जरा."

"झोंबतंय."

"झोंबणारच. महिनाभर कळ काढा. तुम्हाला माहीत नाही, माझ्या सुट्टीच्या दिवशी झोपेत तुमचा श्वास अडकतो तेव्हा मी काय करते ते. मी आकडे मोजते. एकदा तेवीसपर्यंत मोजले होते. तेविसाला तुम्ही आचका दिलात."

हे ती पूर्वी कधी बोलली नव्हती. त्याला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त रागच आला. आपल्या झोपेत बायको आकडे मोजत बसते, म्हणजे आपल्याला घरातही सुखाने पडायची सोय नाही.

आठव्या दिवशी कार्ड दाखवलं. दवाखान्यातला कार्डवाला तेल लावून चप्प भांग पाडलेला, अतिशय नम्र इसम होता. त्याने कार्ड यंत्रात सरकवलं आणि तोंड पाडलं. "दादा, दोन तास, सव्वा तास, तीन, परत दोन. मधेच काढून टाकता ना?"

"नाकातून रक्त येतं तेव्हा काढू नको तर काय करू? पिऊ?"

कार्डवाला ओशाळला. पण नोंद ती नोंद. तीस दिवस पहिल्यापासून मोजायचे, असं यार्डातून लेखी आलं. शेवटची संधी, असंही त्यात होतं.

३

ही कल्पना बोक्याची. बोका म्हणजे शेजारच्या क्रेनवरचा, कुठेही डुलकी काढतो म्हणून यार्डाने ठेवलेलं नाव. आता गंमत बघा, आयुष्यभर डुलक्या काढणारा बोका कधी सापडला नाही आणि हा चार सेकंदांसाठी लटकला.

"दादा, तुम्ही पण ना," बोका म्हणाला. "सीटवर हेल्मेट ठेवून आपण किती वेळा खाली उतरलोय?"

ते खरं होतं. यार्डातली ती जुनी रीत होती. केबिन जमिनीपासून चार मजले वर. खालून साहेबाला काचेतून फक्त हेल्मेट दिसतं. तेव्हा पोटात कळ आली, चहा प्यावासा वाटला, तर सीटच्या पाठीवर हेल्मेट अडकवायचं, त्याखाली जाकीट घालायचं आणि मागच्या शिडीने उतरायचं. याला जागा धरणं म्हणत. सीट रिकामी दिसता कामा नये, एवढाच नियम. क्रेन थांबलेली असली तरी हेल्मेट दिसतंय म्हणजे माणूस आहे, असं साहेब धरून चालायचा.

"मशीनला काय डोळे आहेत?" बोका म्हणाला. "मास्क बांधा एखाद्या लोडाला, बटण दाबा, आणि तुम्ही बाहेरच्या खोलीत ताणून द्या. चालू होतं एवढं त्याला कळणार. जागा धरायची, बस."

दुसऱ्या दिवशी बायको कामावर गेल्यावर त्याने तेच केलं. कापसाचा गोल लोड पलंगावर आडवा ठेवला, एक टोक उशीवर. मास्क त्या टोकाला बसवला आणि पट्टे कचकचून ओढले. अर्ध्यावर चादर घातली. बटण दाबलं. हवेचा एकसुरी आवाज सुरू झाला, पंखा फिरावा तसा. दार लावून घेताना त्याने एकदा मागे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःवरच खूश व्हावंसं वाटलं.

बाहेरच्या सोफ्यावर तो मेल्यासारखा झोपला. नाकात काही नाही, तोंडावर काही नाही. चार दिवसांत नाकातल्या खपल्या गळून पडल्या. आठवड्यात व्रण सुकला. बायकोला वाटलं मलमाचा गुण आला, आणि त्याने तिला तसं वाटू दिलं.

४

"कमाल केलीत दादा," कार्डवाला म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उजळला होता. "सातही दिवस. सहा तास, सहा तास दहा मिनिटं, परत सहा. आणि श्वास बघा. मिनिटाला बारा. एकदाही अडकलेला नाही. लहान मुलाचा असतो ना, तसा श्वास आहे."

"कुणाचा?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तुमचाच की."

"मशीन श्वासही मोजतं?"

"मग? नुसतं चालू ठेवलं तर ते तास धरतच नाही. लोक फार हुशार असतात दादा. कुणी उशीला बांधतं, कुणी बाटलीला. सगळं उघडं पडतं. माणूस आत हवा घेतो, बाहेर टाकतो, ते असलं तरच तास भरतात."

रस्त्यात त्याने स्वतःची समजूत काढली. लोडातल्या कापसात हवा शिरत असेल, भरली की बाहेर येत असेल. मशीनला तोच श्वास वाटत असेल. यंत्रं काय, वाट्टेल ते मोजतात. यार्डातला वजनकाटा नाही का पाऊस पडला की दीडशे किलो जास्त दाखवत? त्याने मान डोलावली आणि आपल्याला काय करायचंय, तास भरताहेत ना, असं म्हणून विषय मिटवला. पण विषय मिटला नव्हता. त्या दिवशी सोफ्यावर पडल्यावर झोप येईना.

खाली रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी झाली. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. लिफ्टचं दार आपटलं. आणि बंद दारापलीकडून हवेचा आवाज येत होता. तो एकसुरी नव्हता. वर चढायचा, जरा थांबायचा, सावकाश उतरायचा. परत चढायचा. त्याने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि एक मिनिट मोजलं. बारा. पुन्हा मोजलं. बारा.

कापूस आहे, त्याने स्वतःला बजावलं. कापसालाही ठरावीक वेळ लागत असेल भरायला. मग तो उशी कानावर दाबून पडून राहिला, आणि स्वतःच्याच घरात कान झाकून पडावं लागतंय याची त्याला भयंकर चीड आली.

५

"अजून रक्त येतं का हो तुमच्या नाकातून?" बायकोने विचारलं. ती बेसिनपाशी मास्क धूत होती.

"नाही. का?"

"हे बघा ना."

मास्कच्या रबराला आतून तांबडी रेघ होती. त्याला वाटलं जुनी असेल. बायको म्हणाली, रोज धुते आणि रोज असते. ओली असते.

त्याने आरशापुढे उभं राहून नाकात बोट घालून पाहिलं. स्वच्छ. व्रणाची जागासुद्धा सापडत नव्हती. मग त्याने शोध घ्यायला सुरुवात केली, पोलिसाने घ्यावा तसा. टाकीतलं पाणी रोज काठाकडून तळाशी जात होतं. ठीक, मशीनच ते पितं. पण फवाऱ्याची बाटली? तो तर हल्ली तिला हातही लावत नव्हता. तिच्यावर त्याने पेनाने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बोटभर खाली. मलमाची ट्यूब मागून नीट गुंडाळत आणलेली. तो ट्यूब नेहमी मधेच दाबायचा, त्यावरून बायको वीस वर्षं बोलत आली होती.

"मलम तू गुंडाळलंस?"

"मी कशाला? मला वाटलं तुम्हालाच अक्कल आली."

एका दुपारी त्याने मन घट्ट करून दार उघडलं. खोलीत पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड. लोड त्याने उताणा ठेवला होता. आता तो भिंतीकडे तोंड करून होता, कुशीवर. चादर गळ्यापर्यंत. मास्कचे पट्टे त्याने कचकचून ओढले होते, ते आता सैल केलेले. तो जवळ गेला आणि पट्ट्याखाली हात घालून पाहिला. दोन बोटं आत गेली. पट्ट्याखालचा कापूस कोमट होता.

खरं तर त्याने घाबरायला हवं होतं. पण मुळात तो रागीट माणूस, आणि भीतीच्या आधी त्याच्या मनात आलं ते वेगळंच. बाईंनी जे जे सांगितलं ते सगळं इथे निमूट पाळलं जातंय. कुशीवर झोपतंय. फवारा मारतंय. रक्त येतंय तरी मास्क काढत नाहीये. सोसतंय. मला जे जमलं नाही ते माझ्याच पलंगावर कुणीतरी शहाण्यासारखं करून दाखवतंय. अपमान झाल्यासारखा तो तिथे उभा राहिला, आणि आवाज वर चढला, थांबला, सावकाश उतरला.

त्याने दार ओढून घेतलं. मशीन बंद केलं नाही. अजून अकरा दिवस भरायचे होते.

६

गुरुवारी बायकोला सुट्टी असायची. याही गुरुवारी त्याने तिच्यादेखत खोलीत जाऊन दार लावलं, आत लोड बांधला, मशीन चालू केलं आणि ती न्हाणीघरात गेल्याचं पाहून हळूच घराबाहेर सटकला. चार तास बोक्याच्या घरी काढले. परत आला तेव्हा ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. तिला गुणगुणताना त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अय्या, कधी उठलात? आणि बाहेर कधी गेलात?"

"आत्ताच. जरा पाय मोकळे करायला."

"मी मघाशी दाराशी बसले होते. आत आले नाही, म्हटलं झोपमोड नको. नुसता श्वास ऐकत बसले." ती बोलता बोलता थांबली, पदराने डोळे टिपले. "एकदाही मोजावं लागलं नाही हो. मला तिथेच बसल्या बसल्या झोप लागली."

झालं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिला काय सांगणार? जे ऐकून तू सुखाने झोपलीस तो मी नव्हतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? तो खोलीत गेला, लोडाचा मास्क ओरबाडून काढला आणि लोड माळ्यावर फेकला. माझं नाक, माझा पलंग, माझी क्रेन, असं तो मोठ्याने म्हणाला. बायकोने बाहेरून विचारलं, "मला काही म्हणालात?"

पुढचे तीन दिवस त्याने मशीन स्वतः लावलं. सहा-सहा तास. नाक फुटलं, सोललं, घोळणा फुटून उशी भिजली, तरी काढलं नाही. दात-ओठ खात पडून राहिला. सोमवारी ताठ मानेने कार्ड पुढे केलं.

कार्डवाल्याने कार्ड सरकवलं, पडद्याकडे पाहिलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "दादा, हे काय? शुक्रवार कोरा. शनिवार, रविवार, कोरे."

"लावलं होतं मी. हे नाक बघ माझं."

"मशीन चालू होतं, ते दिसतंय. पण श्वास नाही. कुणी लावलेलंच नाही." त्याने आवाज खाली आणला. "एवढे दिवस इतकं छान चाललं होतं, मग आता उशीला कशाला बांधलंत?"

क्रेनवाल्याने टेबलावर मूठ आपटली. तेवीस वर्षांपूर्वी त्याने बापापुढे आपटली होती, त्यानंतर आजच. तो इतकं बोलला की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून गेली. हा मी समोर उभा आहे, हा माझा श्वास, हे माझं रक्त, आणि तुझं खोकं मला नाही म्हणतं? कार्डवाला बिचारा हात जोडून ऐकत राहिला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी यार्डात फोन लावला आणि मधला मार्ग काढला. शनिवारी दवाखान्यात येऊन, त्यांच्या खोलीत, स्वतःचं मशीन लावून पाच तास झोपून दाखवायचं. कार्ड भरलं तर त्याच दिवशी क्रेनचा कागद. नाही भरलं तर विषय संपला.

७

शनिवारी सकाळी दहाला वॉर्डबॉयने त्याला खोलीत सोडलं आणि दार लावून तो गेला. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीवर घड्याळ, बोळाकडच्या भिंतीत एक आडवी काच, पलीकडे अंधार. खिडकीचे पडदे ओढलेले. त्याने मशीन टेबलावर ठेवलं, टाकी भरली आणि मास्क हातात घेऊन पलंगाच्या कडेवर बसला.

हिशेब सरळ होता. मास्क स्वतः लावला तर कार्ड कोरं राहणार. हे त्याने तीनदा पाहिलं होतं. बावीस वर्षांची केबिन त्या कोऱ्या कार्डावर जाणार. मग दुसरा मार्ग उरला तोच. त्याने दवाखान्याची घोंगडी गुंडाळली, उशीवर टेकवली, मास्क बसवला. पट्टे आवळायला हात गेला आणि तिथेच थांबला. त्याने ते सैल ठेवले, दोन बोटं जातील एवढे. फवाऱ्याची बाटली उशाशी ठेवली. हे सगळं करताना त्याला आपल्याच हातांचा संताप येत होता. वरून चादर घातली, बटण दाबलं आणि खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसला. पाच तास संपत आले की घोंगडी सोडायची आणि आपण आडवं व्हायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

पहिली दहा मिनिटं नुसता पंख्यासारखा आवाज. त्याला बरंही वाटलं आणि धडकीही भरली. मग आवाज चढला. थांबला. सावकाश उतरला.

त्याने मागे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहत राहिला. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजली, कुणीतरी कुणाला हाक मारली, पुन्हा शांत झालं. अकरा वाजले. बारा. एकदा पलंगाची स्प्रिंग कुरकुरली, माणूस कूस बदलतो तशी. एकदा फवाऱ्याचा बारीक आवाज आला, दोनदा, दोन्ही नाकपुड्यांत मारल्यासारखा. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. उठ म्हणून ओरडावं, गचांडी धरून ओढून काढावं, असं त्याला वाटत होतं. पण उठवलं तर तास तुटणार. त्याने आपला श्वाससुद्धा दबकत घेतला.

तीनला पाच मिनिटं कमी असताना तो उठायच्या बेतात होता, तेवढ्यात दार उघडलं. कार्डवाला नव्हता. एक अनोळखी मुलगी होती, पांढऱ्या कोटातली, हातात कागद. तिने आधी पलंगाकडे पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवलं आणि त्याच्याजवळ येऊन कुजबुजली.

"काका, पाच तास तुम्ही या खुर्चीतच बसलात? सोबतच्या माणसांना बाहेर बाक आहे ना. पण छान झोपलेत ते. मी काचेतून बघत होते."

"पेशंट मी आहे," तो म्हणाला.

ती हसली. "तुम्ही त्यांचे भाऊ का? चेहरा अगदी तोच."

"बाई, पेशंट मी आहे. तो कागद माझा आहे."

आता तिच्या कपाळावर आठी पडली. तिने कागद पाहिला, पलंग पाहिला, त्याच्या सुजलेल्या नाकाकडे पाहिलं. "काका, थट्टा करू नका. यार्डाचं प्रकरण आहे हे. पेशंट पाच तास खुर्चीत जागा बसला होता असं मी लिहिलं, तर त्यांची क्रेन गेली. लिहू का तसं?"

पाठीमागे आवाज वर चढला, थांबला आणि सावकाश उतरला. इतका निवांत श्वास त्याने जन्मात घेतला नव्हता. त्याच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, पण त्यांतली एकही शिवी त्या मुलीला द्यावी अशी नव्हती.

"नका लिहू," तो म्हणाला.

"मग इथे सही करा. सोबतची व्यक्ती म्हणून."

तिने पेन दिलं. त्याने सही केली. बावीस वर्षं हजेरीपटावर करत आला होता तीच सही, फक्त दुसऱ्या ओळीवर. तिने खालचा भाग फाडून वेगळा केला. क्रेन चालवण्यास योग्य, असं त्यावर ठळक छापलेलं होतं. त्याने हात पुढे केला.

पण ती त्याला ओलांडून पुढे गेली. मशीनचं बटण बंद झाल्याचा आवाज आला. पट्ट्यांची चिकट पट्टी कर्रकन सुटली.

"उठा हळूहळू," मुलगी म्हणाली. "नाकाला फार त्रास नाही ना झाला?"

उत्तर आलं की नाही, ते त्याला ऐकू आलं नाही. कानात स्वतःचंच रक्त ठणकत होतं. समोरच्या काचेत त्याला पलंगाचा पायथा दिसला, चादर बाजूला सरली आणि दोन पाय जमिनीवर टेकले. त्याने डोळे मिटून घेतले.

"सोमवारी रात्री कामावर हजर व्हायचं," ती सांगत होती. "केबिन तुमचीच आहे म्हणाले साहेब."

मग ती दाराकडे परत निघाली, आणि तिच्या पावलांच्या आवाजाने त्याने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"काका," ती म्हणाली, "त्यांना बूट घालायला जरा मदत करा."